गोदामाची तुळई, तंतूंची पट्टी आणि आपला उन्हाळा



धान्याच्या व्यापाऱ्याने तूर, हरभरा आणि ज्वारीचे भाव सोडून काँक्रीटच्या तुळईविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आपला माल ज्या छपराखाली महिनोन्महिने विसावतो, त्या छपराची प्रकृती हाही आपल्या व्यापाराचाच भाग आहे. कलबुर्गी, बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या पेठांतून एका पिढीपूर्वी बांधलेली काँक्रीटची गोदामे आता वयस्क झाली आहेत. कोठे तुळईस तडा दिसतो, कोठे सळईचा गंज गिलावा फोडून बाहेर डोकावतो, तर कोठे मूळ आराखड्यात न धरलेला माल वरच्या मजल्यावर चढलेला असतो. अशा वेळी अलीकडे एक नवा उपाय सुचविला जातो. कार्बनच्या तंतूंची पातळ पट्टी तुळईच्या तळाशी चिकटवावयाची आणि तिच्या बळावर तुळईस जादा भार पेलावयास लावावयाचा, असा तो उपाय आहे. काम थोड्या दिवसांत उरकते, तोडफोड होत नाही, जागाही अडत नाही.

उपाय खरा आहे आणि योग्य जागी उत्तमही आहे. परंतु वैद्याच्या औषधाप्रमाणे त्यास एक पथ्य आहे, आणि ते पथ्य उष्णतेचे आहे. आपल्या भागातील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांनी हे पथ्य समजून घेतल्यावाचून या कामाचा सौदा करू नये, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, घाऊक धान्याच्या व्यापारात आयुष्य घालविलेला मनुष्य आहे, अभियंता नव्हे. तेव्हा व्यापाऱ्यास कळेल अशाच भाषेत हा विषय मांडतो.

पट्टी काम कशी करते

काँक्रीट हा पदार्थ दाब सोसण्यात बळकट, पण ताण सोसण्यात दुबळा असतो. तुळईवर भार आला की ती किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. हा ताण सोसता यावा म्हणून तुळईच्या खालच्या अंगास लोखंडी सळया घातलेल्या असतात. सळया गंजून बारीक झाल्या, किंवा भारच वाढला, तर त्यांस बाहेरून मदतनीस द्यावा लागतो. तंतूंची पट्टी ही असा मदतनीस होय.

कार्बनच्या तंतूंची पट्टी जाडीने अवघी सव्वा-दीड मिलिमीटर असते. वजनात ती लोखंडाच्या सुमारे एक पंचमांश भरते. परंतु ताण सोसण्याची तिची शक्ती नेहमीच्या सळईच्या चार-पाच पट असते. काचेच्या तंतूंचे कापडही अशा कामास वापरतात. ते स्वस्त असते, पण कार्बनइतके ताठ नसते. दोन्ही प्रकारांत तंतू एपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेत बसविलेले असतात आणि तशाच राळेने ते काँक्रीटला चिकटविले जातात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. काँक्रीटमधील ताण पट्टीकडे आपोआप जात नाही. तो राळेच्या पातळ थरातून जातो. आपल्या भाषेत बोलावयाचे तर पट्टी ही सधन पेढी, काँक्रीट हा गरजू कुळवाडी आणि राळ ही दोघांमधील आडत्या आहे. पेढी कितीही भक्कम असली, तरी आडत्याने हात वर केले की कुळवाड्याच्या पदरी काही पडत नाही. म्हणून या बांधकामाचे बळ मोजताना पट्टीचे बळ विचारून भागत नाही. राळेचे विचारावे लागते.

या विद्येचा जन्म

ही विद्या प्रथम बहरली ती स्वित्झर्लंडमध्ये. तेथील एम्पा या शासकीय संशोधन संस्थेत प्राध्यापक उर्स मायर यांनी १९८० नंतरच्या दशकात कार्बनपट्ट्यांनी तुळया बळकट करण्याचे प्रयोग केले. पुढे ल्युसर्न शहराजवळील ईबाख येथील पुलावर एक प्रसंग ओढवला. वाहतुकीचे दिवे बसविण्यासाठी छिद्रे पाडताना पुलाच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा कापल्या गेल्या. १९९१ मध्ये या पुलाची दुरुस्ती कार्बनपट्ट्या चिकटवून करण्यात आली. त्या कामास पोलादी पत्रे वापरले असते तर १७५ किलो पोलाद लागले असते. कार्बनच्या पट्ट्या लागल्या त्या अवघ्या ६.२ किलो. एवढ्या मोठ्या पुलाच्या दुरुस्तीचा मुख्य माल एक माणूस बगलेत मारून नेऊ शकेल इतका हलका होता! जगभरच्या अभियंत्यांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले यात नवल नाही.

आज ही पद्धत उष्ण देशांतही सर्रास वापरली जाते. तरी ल्युसर्नची हवा आणि आपली हवा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. बिदर समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंचीच्या पठारावर असल्याने तेथे जरा दिलासा असतो. पण कलबुर्गीस एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जाणे ही नित्याची गोष्ट आहे आणि काही दिवस तो ४३ च्याही पुढे सरकतो. हे झाले सावलीतील हवेचे तापमान. उन्हात तापलेल्या काळपट गच्चीचा पृष्ठभाग याहून पुष्कळ अधिक, साठ अंश आणि त्यापुढेही जातो.

राळ आणि गुळाची ढेप

उष्णतेने राळेचे काय होते, हे समजण्यास आपल्या दुकानातील गुळाची ढेप पुरेशी आहे. पौषात जी ढेप बत्त्याने फोडावी लागते, तीच वैशाखात बोटाने दबते. गूळ तोच, वजन तेच. पण त्याचा ताठपणा गेलेला असतो. एपॉक्सी राळेचेही असेच आहे. ती मेणासारखी वितळून वाहत नाही, हे खरे. परंतु एका ठरावीक तापमानाच्या आसपास ती काचेसारखी कठीण न राहता रबरासारखी मऊ होऊ लागते. या तापमानास अभियंते ‘ग्लास ट्रान्झिशन टेंपरेचर’ किंवा थोडक्यात ‘टी-जी’ म्हणतात. आपण त्यास राळेचे मृदुबिंदू म्हणू.

बांधकामाच्या जागीच, साध्या हवेत सुकणाऱ्या राळांचा मृदुबिंदू बहुधा ५० ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान असतो आणि त्यांतील पुष्कळांचा ६५ च्या आतच असतो. तंतूंची गोष्ट वेगळी. कार्बनचा तंतू शेकडो अंश उष्णतेस दाद देत नाही. म्हणजे पट्टी शाबूत, काँक्रीटही शाबूत, आणि मधला थर मात्र मऊ, अशी स्थिती उद्भवू शकते. बाहेरून पाहणाऱ्यास यातले काही दिसत नाही.

मृदुबिंदूच्या अलीकडेही सर्व कुशल असते असे नाही. राळ तापू लागली की तिचा ताठपणा हळूहळू उतरू लागतो, आणि तीवर सतत भार असेल तर ती कणाकणाने सरकते. म्हणूनच अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ‘४४०.२आर’ या मार्गदर्शिकेत असा दंडक सांगितला आहे की, पट्टीच्या जागेचे नेहमीचे कमाल तापमान राळेच्या मृदुबिंदूहून किमान १५ अंशांनी कमी असावे. हिशेब सोपा आहे. राळेचा मृदुबिंदू ६० असेल, तर तिच्या जागेचे तापमान ४५ च्या वर जाता कामा नये. कलबुर्गीच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील तुळईस हे साधेल का, याचे उत्तर कागदावर नव्हे, तर तुळईला तापमापक लावूनच मिळते. मृदुबिंदू ७५ असेल, तर मर्यादा ६० वर जाते आणि सावलीतील तुळईपुरती चिंता मिटते. पण सज्जे आणि आधारावरून पुढे गेलेले स्लॅब यांस ताण वरच्या अंगास येतो, म्हणून त्यांची पट्टीही वरच्या अंगास, थेट उन्हात बसते. तेथे हा आकडाही अपुरा पडू शकतो.

आणखी एक साम्य गुळाशी आहे. पावसाळ्यात दमट हवा लागली की गूळ पाझरतो. राळेतही ओल शिरली की तिचा मृदुबिंदू खाली येतो. छप्पर गळत असलेल्या गोदामात आधी गळती थांबवावी आणि मग पट्टीचा विचार करावा, हा क्रम उलटा करू नये.

प्रसरणाचा हिशेब

उष्णतेचा दुसरा परिणाम प्रसरणाचा. दहा मीटर लांबीची काँक्रीटची तुळई ३० अंशांनी तापली, तर ती सुमारे ३ मिलिमीटर वाढते. लोखंडी सळई जवळजवळ तितकीच वाढते, आणि म्हणूनच सळई व काँक्रीट यांचा संसार सुखाचा होतो. कार्बनचा तंतू मात्र लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही. उलट राळ काँक्रीटच्या कित्येक पट वाढू पाहते. तिघे एकत्र बांधलेले आणि तिघांची चाल वेगळी, त्यामुळे तापमान बदलले की मधल्या थरात ताण निर्माण होतो आणि तो विशेषतः पट्टीच्या टोकांशी एकवटतो.

हा परिणाम अवास्तव मोठा समजू नये. हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंतचा फरक धरला, तरी राळ ताठ असेपर्यंत चांगल्या रीतीने केलेले काम तो सोसते. परंतु पट्टीची टोके हीच तिची नाजूक जागा आहे. म्हणून टोकांशी तंतूच्याच कापडाचे आडवे पट्टे गुंडाळून ती जखडण्याची पद्धत आहे. ठेकेदार काटकसर म्हणून हे पट्टे गाळू म्हणेल, तर ती काटकसर मान्य करू नये.

आपल्या धंद्याची विशेष अडचण

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. राहत्या घराच्या किंवा कचेरीच्या स्लॅबवर हिशेबात धरलेला सर्व भार क्वचितच एकाच वेळी येतो. माणसे येतात-जातात, सामान हलते. गोदामाचे तसे नाही. आपल्या भागात तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीत होते, आवक मार्चपर्यंत चालते, आणि माल भावाची वाट पाहत उन्हाळाभर थप्प्यांत उभा असतो. ज्या तुरीच्या डाळीला ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाने २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा हा जीवनक्रमच आहे. म्हणजे वर्षातील सर्वांत मोठा आणि न हलणारा भार आणि वर्षातील सर्वांत कडक ऊन, ही दोन्ही आपल्या तुळईवर एकाच वेळी येतात. राळेस ज्या दोन गोष्टी बाधतात, त्यांचा संगम वैशाखात आपल्याच गोदामात होतो.

भार किती, तेही पाहावे. एक घनमीटर तूर सुमारे ७५० ते ८०० किलो भरते. तीन मीटर उंचीची थप्पी लावली, तर खालच्या प्रत्येक चौरस मीटरवर सव्वादोन टनांच्या पुढे वजन येते. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेत यासंबंधी फार शहाणपणाचा नियम आहे. अपघाताने, आगीने किंवा खोडसाळपणाने पट्टी निकामी झाली, तरी मूळ बांधकाम कोसळता कामा नये. म्हणून पट्टीशिवायच त्याने स्वतःच्या व कायम वजनाच्या १.१ पट आणि त्यावरील चल भाराच्या ०.७५ पट एवढे ओझे पेलले पाहिजे. मात्र वखारी, जड मालाची कोठारे, ग्रंथालयांतील पुस्तकांच्या मांडण्यांची जागा अशा ठिकाणी, जेथे भार दीर्घकाळ टिकून असतो, तेथे ०.७५ ची सवलत नाही. संपूर्ण भार धरावा लागतो. चल भार चौरस फुटास १५० पौंडांहून, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७३० किलोंहून अधिक असेल, तर ती जागा या वर्गात मोडते. आपल्या तुरीची एक मीटर उंचीची थप्पीदेखील ही मर्यादा गाठते.

तात्पर्य असे की, गोदामाच्या बाबतीत पट्टी ही सुरक्षिततेची वाढीव पुंजी मानावी. रोजच्या खर्चाचे भांडवल मानू नये. ‘पट्टी चिकटविली, आता वर आणखी दोन थर चढवा’, असे कोणी म्हटले, तर तो सल्ला आपल्यासाठी नव्हे असे समजावे. मूळ तुळईच जर मालाचा पूर्ण भार पेलण्यास असमर्थ असेल, तर काँक्रीटचे नवे आवरण, लोखंडी तुळईचा आधार किंवा मधे नवा खांब हेच मार्ग प्रशस्त होत.

खांबाची गोष्ट निराळी

खांबाभोवती तंतूचे कापड गुंडाळण्याचेही काम केले जाते. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या शेजारी जो हाहाकार उडविला, तो विसरणे शक्य नाही. त्या वेळी पडली ती मुख्यतः दगडमातीची घरे; तरी काँक्रीटच्या इमारतींनाही भूकंपासाठी सिद्ध ठेवले पाहिजे, हा धडा त्यातून सर्वांनी घ्यावयाचा आहे. खांबाभोवतालचे कापड पिंपाच्या कड्यासारखे काम करते. आतील काँक्रीटला फुटून पसरू देत नाही. वेढा पूर्ण असल्याने ते काँक्रीटवरील चिकटपणावर तुळईच्या पट्टीइतके अवलंबून नसते. म्हणून उष्णतेचे भय तेथे तुलनेने कमी. तथापि वेढ्याचे टोक टोकावर जेथे चढते, तो जोड राळेचाच असतो. तेव्हा मृदुबिंदूचा प्रश्न तेथेही विचारावाच.

आगीविषयी दोन शब्द

बारदान, सुतळी, धान्याची धूळ आणि विजेच्या जुन्या तारा जेथे एकत्र नांदतात, तेथे आगीचा विचार टाळता येत नाही. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण असेल, तर तुळई आगीत बराच वेळ तग धरते. लोखंडाची शक्ती निम्म्यावर येण्यास साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते. बाहेर उघडी असलेली राळ मात्र आग लागल्यावर थोड्याच मिनिटांत मऊ पडते आणि पुढे जळूही लागते. तिच्यावर अग्निरोधक गिलाव्याचा जाड थर देण्याची सोय आहे आणि तो द्यावा. पण तेवढ्यावर विसंबून पट्टी आगीत टिकेल असे गृहीत धरू नये. आग विझवावयास आत शिरणारे लोक आणि आपले हमाल यांच्या डोक्यावरील स्लॅब पट्टीवाचून उभा राहिला पाहिजे, हा हिशेब वरच्या नियमाशी जुळणाराच आहे.

काम देण्यापूर्वी काय विचारावे

सौद्यापूर्वी नमुना पाहणे हा आपला धर्म आहे. या कामातही पुढील गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, तुळई दुबळी का झाली याचे निदान. आत गंज चालूच असेल, तर पट्टी त्यास झाकील, बरा करणार नाही.

दुसरी, राळेचा मृदुबिंदू. हा आकडा भट्टीत तापवून पक्क्या केलेल्या नमुन्याचा आहे, की आपल्या गोदामात साध्या हवेत सुकणाऱ्या राळेचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे. दोहोंत बराच फरक पडू शकतो.

तिसरी, पट्टीच्या जागेचे प्रत्यक्ष तापमान. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास तुळईचा तळ व स्लॅबचा माथा मोजून त्याची नोंद ठेवावी. हल्ली दुरूनच तापमान सांगणारे उपकरण सहज मिळते.

चौथी, पट्टीशिवाय गोदाम किती भार पेलेल याचा अभियंत्याच्या सहीचा हिशेब. तो आकडा भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा, म्हणजे थप्पी लावणाऱ्या हमालासही तो दिसेल.

पाचवी, चिकटण्याची परीक्षा. काँक्रीटला पट्टी ओढून पाहण्याची एक चाचणी असते. त्यात चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलोंपर्यंतच्या ओढीस जोड टिकावा आणि त्यापुढे तुटलाच तर काँक्रीट तुटावे, राळ सुटू नये. त्याखेरीज दरवर्षी उन्हाळा संपल्यावर पट्टीवर हलकेच ठोकून पाहावे. नारळ वाजवून पाहणाऱ्यास भरीव व पोकळ आवाजातील भेद शिकवावा लागत नाही.

काम कोणत्या ऋतूत करावे, हेही विचारात घ्यावे. भर उन्हाळ्यात मिसळलेली राळ बादलीतच घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात काँक्रीट ओले असते. कडक थंडीच्या रात्री राळ नीट पक्की होत नाही. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, स्लॅब कोरडा झाल्यावर आणि नवी तूर येण्यापूर्वी जे दिवस मिळतात, ते या कामास सर्वांत सोयीचे. त्या वेळी गोदामही बहुधा रिकामे असते, आणि ते महत्त्वाचे आहे. भरलेल्या गोदामात पट्टी चिकटविली, तर आधीच असलेल्या भाराचा वाटा ती उचलत नाही. पुढे येणाऱ्या भाराचाच उचलते.

शेवटी सर्वांत स्वस्त उपाय. गच्चीस दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्यावा, किंवा ऊन परतविणारा पांढरा रंग लावावा. पत्र्याच्या छपराखाली वारा खेळता ठेवावा. याने तुळईचे तापमान जितके अंश उतरेल, तितके अंश राळेच्या बाजूने जमा होतील. शिवाय आतील धान्य आणि काम करणारी माणसे या दोहोंस त्याचा लाभ होईल तो वेगळाच.

आपल्या गोदामात माल आपला असतो, पण थप्पीखाली वावरणारा जीव दुसऱ्याच्या घरचा कर्ता असतो. नव्या साधनांचा अव्हेर करावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. एखाद्या सभासदाने या लेखाच्या आधारे ठेकेदारास सही करण्यापूर्वी राळेचा मृदुबिंदू विचारला आणि मे महिन्यात एकदा तुळईस तापमापक लावून पाहिला, तरी हे लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.